मताच्या डब्यातली पोचट लोंब

पक्ष गरिबांचा राहिला का, असं आता लोक विचारतात. टीव्हीवर विचारतात, ओट्यावर बसून विचारतात, जसं काही काल-परवापर्यंत तो होता. मी चौथी शिकलेली बाई. मला वाद घालता येत नाही. मला माझी बांधी, म्हणजे धानाचं बांध घातलेलं शेत, ठाऊक आहे. ती कशी गेली तेवढं लिहिते. पक्षाचं नाव लिहीत नाही. त्या काळी आमच्या मुलखात पक्ष म्हणजे एकच. त्याचं नाव घ्यायची गरज पडत नसे, नवऱ्याच्या नावासारखी.

आमचं गाव ब्रह्मपुरीपासून बैलगाडीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. मागे जंगल, पुढे धानाची शेतं, मध्ये तलाव. तलावाला मातीची लांब पाळ होती. पाळीच्या पोटातून पाणी सोडायला लाकडी मोरी, तिला आमच्याकडे तुडुम म्हणतात. तुडुमाचा खुंटा उपसला की पाणी पाटानं खाली बांध्यांमध्ये जायचं. पहिलं पाणी मालगुजाराच्या बांध्यांना, मग बाकीच्यांना. आमची बांधी सगळ्यात शेवटची. एकच होती. तिच्यातल्या धानावर सासू, नवरा, मी आणि माझी मुलगी वर्ष काढत होतो.

मालगुजार म्हणजे गावाचा मालक. तलाव त्याचा, जंगल त्याचं, माणसंही त्याचीच. दर वैशाखात घरटी एक माणूस वेठीला लागायचा. तलावाच्या पोटातला गाळ खणायचा, टोपलीनं पाळीवर टाकायचा आणि पायांनी तुडवायचा. जो जात नसे त्याला मालगुजाराच्या दारातल्या खांबाला बांधत. माझा सासरा त्या पाळीवरच उन्हानं पडून मेला. मी लग्न होऊन आले त्याच्या आधीची गोष्ट. लोक सांगत की सासूनं दुसऱ्याच दिवशी त्याची टोपली उचलली. मी तिला विचारलं, तर म्हणाली, "नाई उचलली असती तं मले बांधलं असतं." एवढंच. त्यावर ती कधी रडल्याचं मी पाहिलं नाही.

नवरा पक्षाचा माणूस. स्वराज्याच्या चळवळीत काही महिने तुरुंगात राहून आला होता. तेव्हा मालगुजार इंग्रज साहेबांना आमच्या जंगलात शिकारीला नेत असे आणि हाका घालायला आमचीच माणसं लावत असे. गावात कोण कुठे उभा आहे हे तेव्हा स्वच्छ दिसायचं. टोपी घातलेला आमचा, फेटा बांधलेला मालकाचा.

देश स्वतंत्र झाला, आणि मग काही वर्षांनी मालगुजारी गेली. चांद्याहून पुढारी आले. चंद्रपूरला आम्ही तेव्हा चांदाच म्हणत होतो. मोठ्या चिंचेखाली सभा झाली. पुढाऱ्यांनी सांगितलं की वेठ संपली, तलाव सरकारचा झाला, जंगल सरकारचं झालं, आणि सरकार तुमचं आहे. नवऱ्यानं ते घरोघर जाऊन पुन्हा सांगितलं, म्हाताऱ्यांना दोनदा सांगितलं.

त्या वैशाखात कोणीच टोपली उचलली नाही. गडीमाणसं झाडाखाली बसून पाळीकडे बघत होती. सासू ओट्यावर बसून कंटाळली.

"मले तं हात खाजवून राह्यले," ती म्हणाली.

शेजारीण म्हणाली, "खाजवत असन तं खाजव, बाई. वेठीला आता सरकार जाईन."

आम्ही पोट धरून हसलो. खोटं कशाला लिहू, तो आनंद खरा होता. खांबाला बांधणं बंद झालं, ते पक्षानंच बंद केलं. ते मी नाकारत नाही.

पुढच्या हिवाळ्यात पहिलं मतदान आलं. तेव्हा कागदावर शिक्का मारायचा नव्हता. शाळेच्या खोलीत पडद्याआड लोखंडी डबे मांडलेले, प्रत्येक डब्यावर एकेका उमेदवाराचं चित्र. साहेब हातात कागद द्यायचा, तो आत जाऊन आपल्या चित्राच्या डब्यात टाकायचा. पडद्याआड आपण आणि डबे, तिसरं कोणी नाही. आमच्या बायांनी डब्याला कुंकू लावलं, हात जोडले. सासूनं फटीतून झेंडूचं फूल आत सोडलं. बाहेर येऊन म्हणाली, "आता हा डब्बा थेट वर जाते. पुढारी आपल्या हातानं उघडते." हे तिला कोणी सांगितलं ठाऊक नाही. पण सगळ्यांना ते पटलं, मलाही पटलं.

त्यानंतर पाळीकडे कोणी फिरकलं नाही. दोन-तीन पावसाळे गेले. पाळीवर झुडपं वाढली, त्यांच्या मुळांनी माती सैल केली, खेकड्यांनी बिळं केली. तुडुमाचा खुंटा कुजला. पाणी रात्रंदिवस झिरपू लागलं. श्रावणात भरलेला तलाव दिवाळीच्या आत तळाला जायचा. आधी जिथे उन्हाळ्यात म्हशी डुंबत, तिथे दसऱ्यालाच चिखल.

नवरा ब्रह्मपुरीला पक्षाच्या कचेरीत गेला. तिथून त्याला चांद्याला पाठवलं. चांद्याला सांगितलं, काम मंजुरीला गेलं आहे. पुढच्या वर्षी तो पुन्हा गेला, तेव्हाही काम मंजुरीलाच गेलेलं होतं. तिकडे त्याला ओळखणारी तुरुंगातली माणसं होती. ती त्याला चहा पाजत, पाठीवर हात ठेवत, जुन्या गोष्टी काढत. तो खूश होऊन परत यायचा. मी विचारायचे की तुडुमाचं काय झालं. तेव्हा त्याच्या लक्षात यायचं की गोष्टींमध्ये तुडुम राहूनच गेलं.

शेवटी नवऱ्यानं गाव गोळा केलं आणि म्हणाला, आपणच माती टाकू. लोक बिथरले. एका म्हाताऱ्यानं तोंडावर विचारलं की वेठ संपली हे सांगायला तूच आला होतास, मग आता ही कोणती वेठ. नवऱ्यानं समजावलं की हे आपलं आपल्यासाठी आहे. कशीबशी पंधरा-वीस माणसं तयार झाली. आम्ही बायाही गेलो. दुपारपर्यंत बरीच माती पडली. मग जंगल खात्याचा नाकेदार आणि पटवारी, दोघं मिळून आले. तलाव सरकारी, माती सरकारी, हुकुमाशिवाय हात लावला तर गुन्हा. नव्या खुंट्यासाठी तोडून आणलेलं लाकूड पाहून नाकेदार आणखीच चढला. जंगलातून घरच्या कामाचं लाकूड पूर्वी मालक आम्हाला आणू देत असे, उपकार केल्यासारखं, पण देत असे. आता ती चोरी झाली. त्यांनी आमची पावडी-कुदळी जप्त करून नेली.

घरी येताना सासू म्हणाली, "मालक होता तवा नाई गेलो म्हणून बांधत. आता गेलो म्हणून बांधते."

त्यांना कोणी बोलावलं हे कळायला वेळ लागला नाही. मालगुजारी गेली तरी मालगुजार गेला नव्हता. तलाव आटतो तसतशी आत काळी, ओलसर गाळाची जमीन उघडी पडते. त्यावर गहू, हरभरा बिनापाण्याचा येतो. याला गाळपेर म्हणतात. ती गाळपेर त्यानं सरकारकडून आपल्या नावानं करून घेतली होती. तलाव जितका लवकर आटेल, तितकी त्याची शेती मोठी. आम्हाला पाणी राहिलेलं हवं होतं, त्याला गेलेलं. आणि मधल्या काळात त्यानं फेटा सोडून टोपी घातली होती. आम्हाला निरोप आला की त्याला आता मालक म्हणायचं नाही, भाऊ म्हणायचं. लोकांच्या जिभेला ते लवकर वळलं नाही. काही जण मालकभाऊ म्हणत.

मग ते वर्ष आलं. रोवणी चांगली झाली, धान हिरवंगार. पण हस्ताचं पाणी पडलं नाही. धान पोटरीत होतं, कणसं अजून पानांच्या पोटात. त्या वेळी एक पाणी मिळालं तर धान भरतं, नाही मिळालं तर संपलं. अशाच वर्षासाठी जुन्या लोकांनी तलाव बांधला होता. तुडुमापाशी जाऊन पाहिलं तर खाली फक्त चिखल, आणि चिखलाच्या कडेला मालकभाऊचे गडी नांगर घेऊन उभे.

भरलेली लोंब, म्हणजे धानाचं कणीस, जड होऊन वाकते. त्या वर्षी आमच्या बांधीत सगळ्या लोंबा ताठ उभ्या राहिल्या. दुरून पाहणाऱ्याला वाटावं काय पीक आलं आहे. हातात घेऊन चोळली की नुसता भुसा. सासूनं एकेक धुरा, म्हणजे बांध, फिरून लोंबा चोळून पाहिल्या. कुठेतरी चार दाणे असतील या आशेनं नाही. ती म्हणाली, पाहून घेतलं म्हणजे रात्री मनात येत नाही.

हिवाळा कसा काढला ते थोडक्यात लिहिते, कारण तो आठवायला मला आवडत नाही. आधी बियाण्याचं धान खाल्लं. मग जंगलातले कंद. ते नीट उकडले नाहीत तर घसा सुजतो. जंगलाच्या गावातल्या गोंड बाया आम्हाला कोणता कंद घ्यायचा ते दाखवत, आणि आपल्या वाट्यातली मोहाची फुलंही देत. मुलगी भिंतीचे मातीचे पोपडे काढून खायची. मी तिला मारत असे. मग मारणं सोडून दिलं. गावातली निम्मी घरं बांबूतोडीला आलापल्लीकडे निघून गेली. आम्ही थांबलो, कारण बांधी होती. पुढच्या पावसाआधी पाळ नीट झाली तर आम्ही राहणार होतो, नाही झाली तर आम्हालाही जायचं होतं. सगळं त्यावर अडकलं होतं.

तशात दुसरं मतदान आलं. नवरा ब्रह्मपुरीहून परत आला आणि डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवून बसला. पक्षानं तिकीट मालकभाऊला दिलं होतं. गावात प्रचाराचं काम नवऱ्याकडे.

मी म्हणाले, "तुरुंगात तुमी गेले, तिकीट त्याले. मंग पक्ष आपला कसा?"

"माणूस वाईट असन. पक्ष आपला हाये."

"त्यातलं आपलं काय हाये, ते दाखवा मले."

त्यानं मांडीवरची टोपी उलटीसुलटी केली. मग म्हणाला, "आत राह्यलो तं सांगता येते. बाहेरून कोण आयकते? तू सांग, दुसरा कोण हाये?"

मला सांगता आलं नाही. दुसरे डबे असणार होते, पण त्यांच्या चित्रांची माणसं आमच्या गावाला कधी आलीच नव्हती. नवरा प्रचाराला गेला. ज्या दारात त्याच्या बापाला वेठीसाठी हाक मारत, त्या दारातून टोपी घालून निघाला.

उपाय सासूनं काढला. बांधीत उभं वाळलेलं धान आम्ही बैलासाठी कापून ठेवलं होतं. त्यातल्या लोंबा तिनं वेगळ्या काढल्या. ती म्हणाली, तोंडानं सांगून झालं, पोरगा चांद्याला जाऊन थकला. आता डब्यातच टाका. डबा वर जाते, पुढारी आपल्या हातानं उघडते. लोंब पाहीन तं समजन. धान ओळखत नाई असा माणूस आपल्या मुलखात हाये का?

गावातल्या जवळजवळ सगळ्या बायांनी एकेक लोंब घेतली. मी माझी पदराच्या गाठीत बांधली. पडद्याआड गेले. आधी कागद पक्षाच्या डब्यात टाकला. मग लोंब दुमडून फटीत घातली. ती अडकली, बोटानं आत ढकलावी लागली. शेजारी दुसरे डबे होते. मी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा. पण लोंब ज्याला दाखवायची, त्याच्याच डब्यात टाकायला हवी होती. आणि कागद दुसरीकडे टाकला तर तो आपली लोंब कशाला पाहील, असं आम्ही धरून चाललो. गाऱ्हाणं आणि मत दोन्ही एकाच डब्यात. एवढा मूर्खपणा आमच्याशिवाय कोणी केला नसेल.

डबे उघडले तेव्हा नवरा पक्षाचा माणूस म्हणून मोजणीच्या खोलीत होता. घरी आल्यावर त्यानं सांगितलं, तेही मी खोदून विचारलं तेव्हा. डबे पुढाऱ्यांनी नाही, कारकुनांनी उघडले. आमच्या गावचा डबा उलटा केला तर कागदांबरोबर लोंबा पडल्या, टेबलभर भुसा झाला. कारकून वैतागला. मालकभाऊ तिथेच होता. त्यानं एक लोंब उचलली, कपाळाला लावली आणि म्हणाला, माझ्या गावच्या बायांनी लक्ष्मी वाहिली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी ती लोंब त्याच्या टोपीत खोचली.

"मंग तुमी काय बोलले?" मी विचारलं.

"काई नाई."

"काऊन?"

"तिथी सारे त्याले हार घालून राह्यले होते," तो म्हणाला.

चैत्रात मालकभाऊ आभार मानायला गावात आला. तीच चिंच, तीच सभा. माणसं कमी होती, कारण गाव निम्मं रिकामं झालं होतं. भाषणात त्यानं लोंबांची गोष्ट सांगितली, आणि डोळेही पुसले. तेव्हा सासू बायांमधून उठली. तिनं आयुष्यात सभेत तोंड उघडलं नव्हतं.

ती म्हणाली, "भाऊ, त्या लोंबेत दाणा होता का? चोळून पाह्यली होती का तुमी?"

तो हसला. "बाई, देवाले वाहिलेलं कोणी चोळून पाहते का?"

सभा हसली. वाईट मनानं नाही. त्याचं बोलणं गोड होतं आणि लोकांना बरेच दिवसांत हसायला मिळालं नव्हतं. सासू उभीच राहिली. पुढचं तिला मांडता आलं नाही. मी मागून तिचा पदर ओढून तिला खाली बसवलं. मालकभाऊनं तलावाचं मी बघतो असं सांगितलं, टाळ्या पडल्या, तो जीपमध्ये बसून गेला. नवऱ्यानं सतरंज्या गुंडाळल्या.

वैशाख गेला, ज्येष्ठ गेला. मंजुरी आली नाही. पाळीला हात लावायची आता कोणाची हिंमत नव्हती, आणि खरं सांगायचं तर अंगात तेवढं बळही नव्हतं. उसनं बियाणं आणून आम्ही रोवणी केली. त्या वर्षी पाऊस कमी पडला असता तर आम्ही मेलोच असतो, पण तो भरपूर पडला. तलाव कितीतरी वर्षांनी काठोकाठ भरला. लोक पाहायला गेले, नारळ फोडले. नवरा म्हणाला, पाहा, धीर धरला तं झालं.

पाळ तुडुमापाशीच फुटली. सकाळची वेळ होती, मी चूल पेटवत होते. आवाज झाला आणि बाया ओरडत बाहेर आल्या. पाणी घरांकडे आलं नाही. ते आपल्या जुन्या वाटेनं, पाटाच्या बाजूनं बांध्यांमध्ये गेलं. जे पाणी मिळावं म्हणून आम्ही एवढी वर्षं तळमळत होतो, ते सगळं एका सकाळी मिळालं. ओसरल्यावर पाहिलं तर बांधीत धान नव्हतं, धुरा नव्हता. गुडघाभर रेती, आणि मधोमध तुडुमाचा कुजका खुंटा येऊन पडला होता.

दिवाळीनंतर तलावाच्या कोरड्या पोटात या टोकापासून त्या टोकापर्यंत मालकभाऊचा गहू होता.

आम्ही रेती उचलायला लागलो. टोपलीनं उचलायची, कडेला टाकायची. नवरा दोन-चार दिवस आला, मग बसून राहायला लागला. पौषात त्यानंच बांबूतोडीला जायचं ठरवलं. सासू आली नाही. बांधी सोडून जात नाही म्हणाली. मी तिला समजावलं नाही. खाणारं एक तोंड कमी, असं तेव्हा मनात आलं, ते लिहून ठेवते. ती एकटी रोज जाऊन रेती उचलत असे, असं नंतर गावच्या माणसांनी तोडीवर येऊन सांगितलं. त्याच उन्हाळ्यात ती बांधीतच पडून मेली. टोपली अर्धी भरलेली होती. उचलायला या वेळी मागे कोणी नव्हतं.

आम्ही राहायला परत गेलो नाही. नवरा पुढे बरीच वर्षं जगला, ठेकेदाराकडे बांबू तोडत. मतदान आलं की तोडीवरून कितीही लांब चालत जायचा आणि त्याच पक्षाला मत देऊन यायचा. मी विचारलं की तो म्हणायचा, "तं दुसरा कोण हाये, सांग." हाच त्याचा सवाल, तोच त्याचा जवाब. त्याच्या मरणापर्यंत मला त्याचं उत्तर देता आलं नाही, आणि आज विचारणाऱ्यांनाही देता येत नाही.

पुढे शिक्क्याची पद्धत आली. डबा पडद्याआडून काढून साहेबाच्या टेबलासमोर ठेवला. आता त्यात कागदाशिवाय काही टाकायची सोय राहिली नाही. लोंब कोणी टाकली असती तरी ती चोळून पाहणारा माणूस मी आजपर्यंत पाहिलेला नाही. आमची बांधी कोणती होती हे आता मलाही जागेवर जाऊन दाखवता येणार नाही. तिथे रेती आहे, आणि रेतीवर बाभळी.